ट्रान्सफॉर्मरमधला दोष

यारिनाकोचा, पुकाल्पा
४ एप्रिल १९९६

नेलिदा पोरी,

तू आता लिमात पारुरो रस्त्यावरच्या दुकानात बसतेस आणि गिटारवाले आपले अँप्लिफायर दुरुस्तीला तुझ्याकडे आणतात, असं तुझ्या आईच्या पत्रातून कळलं. आपल्या घराण्यात एक तरी माणूस कामाचं निघालं म्हणायचं. आता मामाचं काम ऐक.

माझा अँप तू पाहिलेला आहेस. तोच, व्हॉल्व्हचा, अमेरिकन, तुझ्याहून वयानं मोठा. त्याचा आवाज गढूळ झालाय. बंद पडत नाही, खरखरत नाही, शिट्ट्या मारत नाही. नुसता गढूळ. खर्ज फुगतो आणि वरचे सूर त्यात बुडून जातात. पावसाळ्यातली उकायाली नदी डोळ्यांपुढे आण: पाणी रग्गड, तळ दिसायचा नाही. आमच्या कुम्बियात गायक नसला तरी चालतं, गिटार गाते. माझी गिटार सध्या तोंडात केळं धरून गातेय.

२४ जूनला सान हुआनचा सण. त्या दिवशी तलावाच्या काठी आमच्या लॉस मोतेलोस बँडला तीस वर्षं होतात. कासवाचं नाव लावलं म्हणून टिकलो, असं अब्सालोन म्हणतो. तो अजून बासच वाजवतो आणि अजून बेसूरच. त्या दिवशी मला माझा आवाज हवाय. बाकी काही नको.

अँप लिमाला पाठवणार नाही. बस डोंगरातून जाते, अँपच्या आत सगळी काच. तू पत्रातून सांग. इथं लिसार्दो म्हणून रेडिओ दुरुस्त करणारा आहे, त्याच्याकडे मीटर आहे. अक्कल तू पाठव.

आईला यातलं सांगू नकोस. मी काही मागितलं की ती औषधं पाठवते.

तुझा मामा,
ग्रिमाल्दो


लिमा
११ एप्रिल

मामा,

पत्र मिळालं. गढूळ हे वर्णन झालं, त्यावरून दोष सापडत नाही. आवाज गढूळ होण्याची कारणं बरीच आहेत आणि ती एकेक करून बाद करावी लागतात. घाई करायची असेल तर मला विचारू नका.

आधी सुरक्षिततेचं. अँप बंद केल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरांमध्ये विजेचा, माणूस मरेल एवढा दाब शिल्लक राहतो. तो उतरवल्याशिवाय लिसार्दोंनी आत बोट घालू नये. चालू अँपमध्ये मोजताना एक हात खिशात ठेवावा. दोन्ही हात आत असले तर झटका छातीतून जातो.

मला पुढच्या गोष्टी कळवा. तुमचा अँप एकशेदहा व्होल्टचा आहे, म्हणजे भिंतीतल्या दोनशेवीसचे निम्मे करणारा डबा मध्ये असणार. त्या डब्यातून नक्की किती येतात ते बँड वाजत असताना मोजा, रिकाम्या वेळी नको. दोन मोठ्या व्हॉल्व्हांच्या प्लेटवर किती दाब आहे तेही. अँप बंद करून स्पीकरकडे जाणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही अर्ध्या गुंडाळ्या मोजा, दोन्ही एकशेवीस ओहमच्या आसपास हव्यात. स्पीकरचा कागद फाटलेला किंवा दमट आहे का ते बघा. आणि गिटारची वायर कशी आहे?

आईला सांगणार नाही. सांगण्यासारखं काही नाही.

नेलिदा


यारिनाकोचा
२० एप्रिल

इंजिनीअरीणबाई,

तुझं पत्र लिसार्दोला वाचून दाखवलं. "माणूस मरेल एवढा दाब" ऐकल्यावर म्हणाला, "ग्रिमाल्दोसाहेब, हा अँप मी रविवारी बघीन." रविवारी आला तो बिनखिशाची चड्डी घालून. म्हटलं, "अरे, एक हात खिशात ठेवायचाय." तर एक हात अब्सालोनच्या खिशात घालून उभा राहिला. दोघं मेले असते तर बँडला बास उरला नसता. सुधारणाच झाली असती.

आकडे घे. डब्यातून बँड वाजताना एकशेआठ. प्लेटवर चारशे अठरा. गुंडाळ्या एकशेअठरा आणि एकशेबावीस. स्पीकरचा कागद कोरडा आणि अखंड. मामी त्यामागे दिवसभर एक छोटा बल्ब पेटता ठेवते, कपाटात ठेवतो तसा, म्हणून दमट होत नाही. गिटारची वायर नवी आहे, आतून जाळीची, तांब्याची. आमच्या गल्लीत याहून चांगली वायर नाही.

आता सांग, चोर कोण?

मामा


लिमा
२६ एप्रिल

मामा,

आकडे चांगले आहेत. वीज ठीक, ट्रान्सफॉर्मर ठीक, स्पीकर ठीक. तिन्ही विषय संपले. वायर नवी आहे, तीही सोडू.

आता दोन व्हॉल्व्हांच्या टप्प्यांमध्ये जे कपॅसिटर असतात त्यांच्याकडे येऊ. जुने कागदी कपॅसिटर पाझरतात. पाझरले की पुढच्या व्हॉल्व्हचं संतुलन बिघडतं आणि सूर एकमेकांत मिसळतात. मोठ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, गिटार न वाजवता, दाब मोजा. तिथं उणे पन्नासच्या आसपास हवा. उणे तीस किंवा त्याहूनही शून्याजवळ निघाला तर चोर सापडला. नाही निघाला तरी ते कपॅसिटर जुने आहेत, बदलूनच टाका. बसच्या पार्सलनं चार पाठवते आहे. छोट्या व्हॉल्व्हचा एक जोडही आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, ऐका, मग दुसरी. सगळं एकदम बदललंत तर काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही.

दोन प्रश्न. वाजवताना तुम्ही अँपपासून कुठं उभे असता? आणि गढूळपणा बाकीच्यांनाही ऐकू येतो की फक्त तुम्हाला?

नेलिदा


यारिनाकोचा
६ मे

पोरी,

पार्सल पोचलं. ग्रिडवर उणे एकावन्न. तरी तुझे चारही कपॅसिटर घातले, एकेक करून, तू सांगितलंस तसे, मध्ये मध्ये ऐकत. मग व्हॉल्व्ह. लिसार्दोनं आता पाटीच बनवून घेतलीय: "लिमाच्या तज्ज्ञांचे प्रतिनिधी". माझ्याकडून दुपारचं जेवण घेतो आणि माझ्याच अँपवर बसून जेवतो.

आवाज आहे तसाच.

मी कुठं उभा असतो म्हणजे काय? गिटारवाला उभा असतो तिथं. आणि बाकीचे काय बोलणार? माझ्यापुढे कोण बोलतं! अब्सालोनला बासचाच आवाज कळत नाही, त्याला गिटारचं काय विचारू. रविवारी त्याला म्हटलं, "आवाज गढूळ येतोय ना रे?" तर म्हणाला, "ग्रिमाल्दो, तीस वर्षांत तू मला पहिल्यांदा काहीतरी विचारलंस." बस. एवढंच उत्तर.

सान हुआन जवळ आलाय. बायका आतापासून भात बांधायला बिहाओची पानं ठरवून ठेवतायत. मी काय ठरवू?

मामा


लिमा
११ मे

मामा,

तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत अँपमध्ये दोष कुठंच दिसत नाही. तेव्हा दोष अँपच्या बाहेर असण्याची शक्यता धरावी लागते.

वय वाढलं की वरच्या पट्टीचं ऐकणं आधी जातं. तीस वर्षं स्पीकरजवळ उभं राहणाऱ्याचं आणखी लवकर जातं. हा अपमान नाही. दुकानात अशी गिऱ्हाइकं आठवड्याला एक तरी येतात. अँप निर्दोष असतो आणि ते तो तीन-तीन वेळा परत आणतात.

तपासायला सोपं आहे. टिकटिकणारं घड्याळ कानाशी धरा आणि हात लांब करत न्या. टिकटिक कुठं थांबते ते कळवा. दोन्ही कान वेगवेगळे. मग तेच मामींना करायला सांगा म्हणजे तुलना होईल.

कान गेले असतील तर अँपच्या मागच्या बाजूला एक बदल करून वरचे सूर वाढवता येतात. बाकीच्यांना ते कर्कश वाटतील, पण तुम्हाला बरोबर ऐकू येईल.

नेलिदा


यारिनाकोचा
२१ मे

नेलिदा,

मी तुझी मामी एर्मेलिंदा. हे पत्र त्यांच्या नकळत लिहितेय. उत्तर बसच्या कचेरीत माझ्या नावानं पाठव, घरी नको.

ते तुला लिहिणार नाहीत. कानांचं पत्र आल्यावर दोन दिवस माझ्याशीसुद्धा बोलले नाहीत, जसं काही मीच लिहिलं होतं. कान त्यांचे चांगले आहेत गं. परवा माझी बहीण गल्लीच्या टोकाला उभी राहून माझ्याबद्दल काय बोलली, ते खाटेवरून शब्दन् शब्द ऐकून मला सांगितलं.

खाटेवरून म्हणाले मी. तेच तुला सांगायचंय.

कार्निव्हालला नवे बूट घातले आणि फोड आला. साखरेचा आजार तर आहेच, तुझ्या आईला माहीत आहे. फोड भरला नाही. आता डाव्या पायाची दोन बोटं काळीनिळी झालीयेत. इथल्या डॉक्टरांनी लिमाला पाठवायची चिठ्ठी लिहून दिली. म्हणाले, पायाची रक्ताची नळी मोकळी करायला हवी आणि ती दोन बोटं काढायला हवीत. आता गेलात तर दोन बोटांवर निभावेल, महिनाभर थांबलात तर घोट्याखाली काही राहील याची खात्री नाही. ती चिठ्ठी सान मार्तिनच्या तसबिरीमागे खोचून ठेवलीय. विचारलं की म्हणतात, "सान हुआन झाल्यावर." मी रडले, तर म्हणाले, "रडतेस कशाला, पायानं वाजवतो काय मी?"

चालत नाहीत. खाटेवरून खिडकीजवळच्या खुर्चीवर, तेवढंच. बँडची तालीम गल्लीपलीकडे अब्सालोनच्या पत्र्याच्या शेडमध्ये होते. हे खिडकीत बसून वाजवतात आणि गल्लीवरून वायर तिकडे अँपपर्यंत नेलीय. आपल्या भोंग्याच्या माइकची वायर गं, त्या रिळातली उरलेली. चाळीस मीटर तरी असेल. खांबावरच्या भोंग्यातून तेओलिंदाबाई वाढदिवस सांगते, कुणाची कोंबडी हरवली ते सांगते, तिचा आवाज त्याच वायरीतून कसा खणखणीत येतो! म्हणून वायर चांगली हे सगळ्यांनाच माहीत होतं.

मी म्हटलं, अँप इकडे खोलीत आणा. तर नाही. अँप शेडमध्ये असला म्हणजे ते शेडमध्ये आहेत. खोलीत आणला तर बँडला कळेल की आता ते येणार नाहीत, असं त्यांना वाटतं. बँडला कधीच कळलंय. कुणी बोलत नाही इतकंच.

तू शिकलेली आहेस. तुझं ते ऐकतात. माझं ऐकत नाहीत.

तुझी मामी


लिमा
२४ मे

मामी,

पत्र मिळालं.

आवाज वायरीमुळे गढूळ होतो. वायर चांगली आहे हे खरं, पण ती माइकसाठी चांगली आहे. माइकचा प्रवाह जोरकस असतो, लांब वायर त्याला जड जात नाही. गिटारचा प्रवाह फार दुबळा असतो. चाळीस मीटर जाळीच्या वायरीत वरचे सूर वाटेतच गळून जातात आणि अँपपर्यंत फक्त खर्ज पोचतो. मी वायर कशी आहे ते विचारलं, किती लांब आहे ते विचारलं नाही. दोन मीटरची वायर लावली की आवाज मोकळा होईल. किंवा गिटारशेजारी ठेवायला एक छोटी डबी करून दिली, तर चाळीस मीटरवरूनही होईल. ती डबी मी एका संध्याकाळी बनवू शकते.

बनवली तर मामा खिडकीतून सान हुआन वाजवतील आणि त्यानंतर लिमाला येतील. तोवर डॉक्टरांनी सांगितलेला महिना संपलेला असेल. मी इथल्या एका डॉक्टरला तुमचं वर्णन वाचून दाखवलं. तो म्हणाला, सान हुआनपर्यंत थांबू नका. किती टक्के धोका, हे विचारल्यावर त्यानं आकडा दिला नाही. पण पेन खाली ठेवलं.

पायासाठी ते येणार नाहीत. अँपसाठी येतील. म्हणून मी त्यांना याच टपालानं वेगळं पत्र पाठवते आहे. त्यात जे लिहिलंय ते खरं नाही. तुम्ही काही बोलू नका आणि छोटी वायर त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. ते निघाले की डॉक्टरांची चिठ्ठी पिशवीत घाला. बाकीचं मी इथं बघते. आईला आज सांगितलं. ती स्टेशनवर येईल.

नेलिदा


लिमा
२४ मे

मामा,

कानांबद्दल लिहिलं ते चुकलं. आकडे पुन्हा पाहिले. एप्रिलमध्ये मी ट्रान्सफॉर्मर ठीक आहे असं लिहिलं होतं, तो निष्कर्ष घाईचा होता. दोष तिथंच आहे असं आता वाटतं.

तो पत्रातून दुरुस्त होणार नाही. गुंडाळी पुन्हा करावी लागेल आणि त्यासाठी अँप माझ्या टेबलावर हवा. पार्सलनं पाठवू नका, तुमचं म्हणणं बरोबर होतं, डोंगरात काच टिकणार नाही. कुणीतरी तो मांडीवर घेऊन यायला हवा. जूनच्या पहिल्या आठवड्यात आणलात तर सान हुआनच्या आधी परत नेता येईल.

नेलिदा


यारिनाकोचा
३१ मे

बाईसाहेब,

कानांची माफी मिळाली. दिली.

पण हे ट्रान्सफॉर्मरचं काय नवीन? तूच मोजायला लावलंस, तूच आकडा आधी सांगितलास, तोच निघाला आणि तूच लिहिलंस, विषय संपला. लिसार्दोनं काल पुन्हा मोजला. एकशेअठरा, एकशेबावीस. तो म्हणतो, "ग्रिमाल्दोसाहेब, तुमची भाची थकलीय. ट्रान्सफॉर्मर ठणठणीत आहे." आता लिमाच्या तज्ज्ञांच्या प्रतिनिधीनंच लिमाच्या तज्ज्ञांना खोटं पाडलं. मी कुणाचं ऐकू?

आणि समजा गेलाच असेल, तर अब्सालोन आणेल. त्याला लिमा बघायचीच आहे. तो रुंद माणूस आहे, अँप त्याच्या मांडीवर पाळण्यात असल्यासारखा बसेल. मला इथं तालमी आहेत. मी कसा हलू?

एर्मेलिंदा काही बोलत नाही. मी काहीही म्हटलं की "नेलिदाला माहीत असेल" म्हणते. ही बाई तीस वर्षांत इतकी गप्प कधी नव्हती.

मामा


लिमा
४ जून

मामा,

लिसार्दोंचा आकडा बरोबर आहे. पण गुंडाळीतले शेजारशेजारचे दोन वेढे आतल्या आत चिकटले तर मीटरला ते दिसत नाही. हजारो वेढ्यांत एक वेढा कमी झाला तर ओहममध्ये फरक पडत नाही, पण तो एक वेढा सगळा आवाज खातो. हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. लिसार्दोंना विचारा. त्यांनाही हे मान्य करावं लागेल.

अब्सालोन चालणार नाहीत. गुंडाळी नवी केल्यावर आवाज जुळवावा लागतो आणि तो वाजवणाऱ्याच्या हातानं आणि कानानं जुळतो. अब्सालोनच्या कानानं जुळवलेल्या अँपवर तुम्हाला सान हुआन वाजवायचं असेल तर तसं कळवा.

अँपसोबत तुम्ही या. मांडीवर मामींनाही घेता येईल, पण त्या शेजारच्या सीटवर बसतील तर बरं. बुधवारची बस दुपारी पोचते. मी दुकानातून सुट्टी घेतली आहे.

नेलिदा


लिमा
२५ जून

अब्सालोनकाका,

मामींनी सांगितलं की बँडला कळवायला हवं, म्हणून लिहिते.

मामांना उतरल्या दिवशी इस्पितळात दाखल केलं. त्याआधी त्यांनी अट घातली की आधी अँप. म्हणून स्टेशनवरून सरळ दुकानात नेलं, अँप उघडला, ते स्टुलावर बसून बघत होते. मी मोजमापं घेतली. नंतर दोन मीटरची वायर लावून त्यांच्या हातात गिटार दिली. त्यांनी एक तुकडा वाजवला. मी म्हटलं, "झालं." ते म्हणाले, "झालं तर मग चला."

पायाची नळी मोकळी केली. दोन बोटं काढली. तिसरं काढावं लागेल असं वाटत होतं, चार दिवस पाहिलं, राहिलं. पाऊल गरम आहे. डॉक्टर म्हणतात, आणखी दोन आठवडे उशीर झाला असता तर घोटा वाचला नसता. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

काल सान हुआन. त्यांनी सकाळी विचारलं, तिकडे ढग आहेत का. मला माहीत नव्हतं. आई केळीच्या पानात भात बांधून घेऊन गेली, लिमात बिहाओ मिळालं नाही. त्यांनी वास घेतला आणि खाल्ला नाही. दुपारभर भिंतीकडे तोंड करून होते. मी खुर्चीत होते.

तुम्ही त्यांच्याशिवाय वाजवलंत की नाही ते कळवा. त्यांनी विचारलेलं नाही, पण विचारतील.

नेलिदा


यारिनाकोचा
१८ ऑगस्ट

नेलिदा,

बस बरी गेली. तिंगो मारियाच्या पुढे एकदा दरड होती, आम्ही सगळे खाली उतरलो, मी काठीवर उभा राहून लोकांना सूचना दिल्या. कुणी ऐकल्या नाहीत.

आता चालतो. बदकासारखा, पण चालतो. तालमीला शेडमध्ये जातो, अँपच्या शेजारी खुर्ची टाकतो. आवाज जसा हवा तसा आहे. सान हुआनला बँडनं माझ्याशिवाय वाजवलं नाही, माहीत आहे तुला? अब्सालोन माइकवर गेला आणि म्हणाला, "आमची गिटार लिमाला गेलीय." आणि खाली उतरला. लोकांनी त्यांना खायला घातलं. तीस वर्षांत पहिल्यांदा बँडला न वाजवता जेवण मिळालं. आता म्हणतो, दरवर्षी जात जा.

राग आला होता मला. दोन्ही बोटांपेक्षा तो दिवस गेल्याचा जास्त. अजून येतो मधूनच. ते तुझ्यापासून लपवत नाही.

आता तुला एक गोष्ट सांगतो, एर्मेलिंदालाही सांगितलेली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी अब्सालोन आणि लिसार्दो अँप शेडमधून उचलून खोलीत घेऊन आले, बांधाबांध करायला. खाटेशेजारी ठेवला आणि दोर आणायला गेले. एर्मेलिंदा स्वयंपाकघरात होती. मला वाटलं, डोंगरात फुटलाबिटला तर? एकदा हात फिरवून घेऊ. भोंग्याची वायर तिकडेच राहिली होती. माझी जुनी छोटी वायर काही केल्या सापडेना, ती शेवटी तांदळाच्या डब्यात निघाली. तांदळात वायर कोण ठेवतं, हे मी विचारलं नाही. लावली आणि एक सूर छेडला.

पोरी, आवाज असा आला की स्वयंपाकघरातलं भांडं वाजायचं थांबलं.

तिनं आत डोकावून पाहिलं नाही. मी दुसरा सूर काढला नाही. वायर परत तांदळात ठेवून दिली.

म्हणजे बसमध्ये बसलो तेव्हा मला माहीत होतं, ट्रान्सफॉर्मरला काही झालेलं नाही. तुझ्या टेबलावर तू तासभर मीटर लावत होतीस तेव्हाही माहीत होतं. ट्रान्सफॉर्मरला तू बोटसुद्धा लावलं नाहीस. वेढ्यांचं तुझं ते पत्र फार चांगलं होतं, लिसार्दोनं ते पाठ केलंय आणि गिऱ्हाइकांना ऐकवतो.

मग आलो कशाला, असं तुला वाटेल. डॉक्टरांनी घाबरवलं होतं, मी घाबरलो नाही, घाबरवणं हे त्यांचं कामच आहे. एर्मेलिंदा रडली, पण ती लग्नांतही रडते. तुझ्या आईचं तर काही विचारू नकोस. पण त्या दिवशी खाटेवर बसून तुझी सगळी पत्रं पुन्हा काढली. मोजल्याशिवाय तू एक ओळ लिहीत नाहीस. मामाचे कान गेले असं वाटलं तर तेही तोंडावर लिहितेस, मामा काय म्हणेल याची पर्वा न करता. आणि तीच तू बसून मला दोन पत्रं खोटी लिहिलीस, चांगली, नीट, मीटरला सापडणार नाही अशी.

तेव्हा मला पहिल्यांदा पायाची भीती वाटली. मी एर्मेलिंदाला हाक मारून म्हटलं, "पिशवी भर."

मामा